घसरून

पतसंस्थेच्या वह्यांनी मला इथं आणलं,
आणि अक्षरानंच बराकीतून उचलून
दवाखान्याच्या टेबलापाशी बसवलं.
येरवड्यात सुवाच्य माणसाला किंमत असते:
डोक्यावर पंखा, दुपारी जास्तीचा चहा,
कधी एखाद्या आजाऱ्याने नाकारलेलं अंडं.

नाव, बंदी क्रमांक, वेळ, इजा, इजेचं कारण.
चार रकाने डॉक्टर सांगायचे.
पाचवा हवालदार,
दारात उभ्या उभ्या, काडीनं दात कोरत:
बाथरूममध्ये घसरून पडला.
जिन्यावरून घसरून पडला.
(आमच्या सर्कलला जिना नाही.)

मी लिहिलं.
तळपाय काळेनिळे झालेल्यांचंही लिहिलं;
तळपायांवर माणूस कसा पडतो, विचारलं नाही.
मे महिन्यात आठवडाभर नळ कोरडे होते,
तेव्हाही नऊजण ओल्या फरशीवरून घसरले,
आणि प्रत्येक वेळी मी 'रू' दीर्घ काढला.
शुद्धलेखनात माझा एक मार्कसुद्धा कधी गेला नव्हता.

मग झुंबर काळेला चादरीत घालून आणलं.
वय एकोणीस, शिरूरकडचा,
विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीत आत आलेला.
जामीन मंजूर होऊन चार महिने झालेले,
जामीनदार मिळत नव्हता.
म्हणाला, "दादा, तुम्ही लिवता ना,
मग आयला एक कार्ड लिवा.
लिवा, बरा हाय."
ते आधी लिहिलं.
पत्ता विचारला तर म्हणाला,
"पालावरच ऱ्हाती. पोस्टमनला ठाव हाय."

मग रजिस्टर ओढलं. चार रकाने भरले.
हवालदारानं काडी तोंडातून काढली, वाक्य सांगितलं.
मी पेन टेकवून बसलो.
"शाई संपली?"
"नाही, साहेब."
एवढंच. बाकी काही बोललो नाही.
मी शूर असल्याची अफवा नंतर बराकीत उठली,
तिच्यात तथ्य नाही. हात चालला नाही, इतकंच.

आता साडेतीन पावलं लांब, दीड पाऊल रुंद.
दिवा रात्रीही चालू.
अर्धा तास बाहेर काढतात, तेव्हा ऊन डोळ्यांत माती टाकल्यासारखं येतं.
डाळीत बोट बुडवून कालची तारीख काढली,
मुंग्यांनी ती उचलून नेली.
लोहगावची विमानं कोठडीवरून जातात,
चाकं बाहेर काढून, अगदी खाली;
मी पट्टे बांधलेल्या माणसांना
मनातल्या मनात आसनक्रमांक देतो.
मंदाकिनीची मुलाकात दोनदा परत पाठवली.
भोरहून तीन तास, फाटकापाशी चार, परत तीन.
पिशवीत काय आणलं असेल, ह्यावर
मी दोन आख्खे दिवस काढले.

रात्री टॉवरवरचा शिपाई ओरडतो, "सब ठीक है!"
पुढचा टॉवर म्हणतो, "सब ठीक है!"
असं ते 'ठीक' भिंतीवरून गोल फिरून
पहाटे माझ्या खिडकीशी येतं,
आणि शेजारच्या कोठडीतला इलियास
नियमानं खोकतो.

परवा गुडघ्यावर काठी बसली.
कशासाठी, ते विसरलो; बहुतेक थाळी वाजली होती.
स्ट्रेचर नव्हतं, चालवतच नेलं दवाखान्यात.
माझ्या खुर्चीवर नवा पोरगा,
कॉलेज अर्धवट सोडलेला, हात थरथरणारा.
दारात तोच हवालदार. तीच काडी.
पोरानं पानाआडून एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि लिहिलं.

मी मान वाकडी करून उलटं वाचलं:
बाथरूममध्ये घसरुन पडला.
ऱ्हस्व.

गुडघा ठणकत होता, लाज वाटायला हवी होती,
ओरडायला हवं होतं,
झुंबरचं पुढं काय झालं ते तरी विचारायला हवं होतं,
आणि माझ्या तोंडून निघालं,
"रू दीर्घ, बाळा."